दहा नंबरचा उजवा बूट

त्या बुधवारी ऊन कलल्यावर आपण दोघं स्टॉलवर बसलो होतो. मैदानाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, रोजच्यासारखे. मधे चप्पल ठोकायची ऐरण, एका बाजूला मी, एका बाजूला तू. मैदानात खेळणाऱ्या गायत्रीचे बूट शिलाईला आले होते. मी डावा उचलला, तू उजवा उचललास. दोघांनी उलटे केले. आपला नियमच तो. एकेक बूट घ्यायचा, गप बसून सोल बघायचा, मग अदलाबदल करायची आणि मगच तोंड उघडायचं. एवढ्या वर्षांत तेवढाच वेळ आपण दोघं गप असायचो.

तू त्या सोलवर लय वेळ अंगठा फिरवत बसलीस. मी म्हणालो, "काय येवलेकरीण, पैठणीचा पदर हाय का तो?"

एरवी तू उलट टोमणा मारला असतास. त्या दिवशी नाही मारलास. बूट माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "हिचा उजवा गुडघा गेलाय. पोरगी लपवतीय."

मी बघितलं. तुझं बरोबर होतं. बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तुला ते त्या दिवशी सांगितलं नाही, म्हणून आज लिहितोय.

तुझा तेरावा होऊन चार दिवस झाले. सुनंदा सुरतेला परत गेली. जाताना मला वही देऊन गेली. म्हणाली, "अण्णा, आईशी बोलल्याशिवाय तुम्ही राहणार नाही, मला माहितीय. पण भिंतीशी बोलू नका, लोक हसतात. वहीत बोला." पोरगी तुझ्यावर गेलीय, तोंडावर बोलते. मी चौथी शिकलेला माणूस. चुकलं तर चुकलं. तुला तरी कुठं वाचता येत होतं.

स्टॉल उघडलाय. तुझं बसायचं बारदान तसंच ठेवलंय. कालच एक गिऱ्हाईक त्यावर बसायला गेलं, मी ओरडलो त्याच्या अंगावर. पळालं बिचारं, चप्पल इथंच टाकून.

मला भीती वाटते. तुझ्यापुढं आता काय लपवायचं. घरी एकटं राहायची भीती नाही, ते जमेल, भाकरी जाड होते पण होते. भीती वाटते ती फाटकातून एखादी उंच पोरगी बाहेर पडली की. गायत्रीच असेल असं वाटतं आणि आरी बोटात घुसते. दोनदा घुसली. ती त्या दिवसापासून इकडं आलेली नाही. तिची इगतपुरीकडची गाडी यायची वेळ झाली की मी मान खाली घालून बसतो. ती आली तर काय म्हणेल, हा एक धसका. नाही आली तर का नाही आली, हा दुसरा. तिचं काहीतरी माझ्याकडं राहिलंय, न्यायला यावंच लागेल तिला कधीतरी. लीगच्या ड्राफ्टची यादी लागली म्हणतात. मी कुणाला विचारलं नाही. माझी छाती होत नाही.

तो ड्राफ्ट काय असतो, हे कळायलाच आपल्याला एक साल गेलं होतं. आठवतं का, गायधनी सरांनी स्टॉलवर उभं राहून चहा पिता पिता समजावलं होतं. मुलींची बास्केटबॉलची लीग निघालीय. सगळ्या टीमांची माणसं एका हॉलमध्ये बसणार, पुढं पोरींच्या नावांची यादी, आणि पाळीपाळीनं एकेक नाव उचलणार. ज्या टीमनं उचललं, त्या टीमकडून खेळायचं. यादीतच नाव नसलं तर विषय संपला. त्या यादीत कुणाला घालायचं ते बघत सर गावोगाव फिरत होते.

तू म्हणालीस, "म्हंजे आमी लगोरीला गडी वाटून घ्यायचो, तसंच की."

"तसंच, आजी."

"मंग शेवटाला जी उरती, ती रडती. तिच्याकडं कोन बघतं?"

सरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. कप ठेवून मैदानात गेले.

मैदानात त्यांचं मोजमाप चालायचं. पोरीला भिंतीला टेकवून खडूनं उंची मांडायची. दोन्ही हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत फीत धरायची. बोटांना खडू लावून उडी मारायला सांगायची आणि भिंतीवर ठसा कुठं उमटतो ते बघायचं. पळण्याला शिट्टी आणि घड्याळ. सगळं वहीत. आणि एवढं सगळं झालं की सर आपल्याकडं यायचे. म्हणायचे, "बाबा, माझ्यासमोर पंधरा मिनिटं कुणीही पळून दाखवतं. चार महिने कसं पळली ते तुम्ही सांगा." सोल बघितला की पोरगी कळते, हे त्यांना मीच सांगितलं होतं. मला तू सांगितलं होतंस.

सिमेंटचं मैदान, रबर भराभर झिजतं, त्यामुळं सगळं उमटतं. अंगठ्याखाली गोल चट्टा पडला असेल तर पोरगी गिरकी घेते. बाहेरची कड गेली असेल तर समोरचीला अडवायला आडवी पळते. टाच झिजली आणि पुढचा भाग कोरा, म्हणजे नुसती चालते. एकदा सहा फुटी पोरगी आली होती, कुठली ते विसरलो. सगळं मैदान तिच्यामागं. सर खूश. तू तिचा बूट उलटा केलास आणि म्हणालीस, "हिला लग्नात तोरणं बांधायला ठेवा."

"काय म्हणाल्या आजी?" सर म्हणाले.

मी म्हणालो, "काही नाही सर. माझ्या मते ही पोरगी जागची हलत नाही."

माझ्या मते! महिन्याभरानं सर आले, म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर निघालं हो." मी मान डोलावली. तू शेजारी बसून सुतळीला मेण लावत होतीस. घरी जाताना भाजीवाल्यापाशी थांबलीस आणि म्हणालीस, "तुमच्या मताला भूक लागली असंल. मेथी घ्या."

येवल्याला लहानपणी तू पैठणीवाल्याकडं रेशमाच्या कांड्या भरायला जायचीस. एवढ्या धाग्यांत एक कमी-जास्त झाला तरी तुला लांबून दिसायचा. ती तुझी नजर. मला कावीळ झाली तेव्हा तू पहिल्यांदा आरी हातात घेतलीस. बाई गटईच्या स्टॉलवर बसते म्हणून लोक वळून वळून बघायचे. तू म्हणायचीस, "बघू द्या, बघता बघता चप्पल तुटंल, मंग इथंच येतील." मी बरा झालो, पण तू घरी परत गेली नाहीस. त्या काविळीचे उपकारच म्हणायचे. नाहीतर मी आयुष्यभर नुसतं शिवलं असतं, काही बघितलं नसतं. हे तुला सांगायचं राहिलं. मैदानात मी झालो 'नजरवाले बाबा'. तू 'बाबांची म्हातारी'. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आता संतोषचं लिहायला पाहिजे. टाळत होतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "फिरून फिरून तिथंच यायचंय, तर आधीच या की."

तेव्हा ही लीग नव्हती. एका कारखान्याची टीम होती, तिच्यात घेतलं की नोकरी लागायची. संतोषचं नाव जवळजवळ पक्कं. निवडीचे साहेब आले, मला म्हणाले, बाबा, एकदा बघा. त्याचा बूट बघितला तर उजव्या टाचेची आतली बाजू पार खाल्लेली. मी म्हणालो, पोरगा लंगडतो, पाय अधू आहे.

तू म्हणालीस, "आवो, आधी त्याला इचारा, बूट कुनाचे."

मी म्हणालो, "बुटालाच विचारलंय. आता त्याला कशाला?"

केवढी ऐट माझी. साहेबांना जाऊन सांगितलं आणि त्याचं नाव खोडलं गेलं. पंधरा दिवसांनी कळलं, बूट त्याच्या चुलतभावाचे. तो भाऊ लहानपणापासून पाय ओढायचा. त्याचे जुने बूट हा पोरगा दोन-दोन मोजे चढवून घालत होता. असली चूक आपल्या धंद्यातला माणूसच करणार. दुसऱ्याच्या पायाचं झिजणं मी त्याच्या कपाळी लिहिलं. आणि नंतर लोकांना सांगताना मी 'आमची चूक झाली' म्हणायचो. आमची! अर्धी चूक तुझ्या माथी.

संतोष आता स्टेशनवर रिक्षा चालवतो. मला बघतो, आणि ओळख देतो, हेच वाईट. "बाबा, बसा, सोडतो घरी." मी एकदाही बसलो नाही. तू बसायचीस. तुम्ही दोघं काय बोलायचात, कधी सांगितलं नाहीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, "ऐकायचं असंल तर तुमी बी बसा रिक्षात." ते आता राहिलंच.

तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप. खेळ कसा ते दिसलं तर सरांना सांगायचं. पायाचं दुखणं दिसलं तर, "सर, तुम्हीच बघा."

म्हणून त्या बुधवारी मी अडलो.

गायत्री तुझी लाडकी. एकोणीस वर्षांची पोरगी, बाप रेल्वेत, घाटातल्या रुळांवर कामाला. पावसाळ्यात त्या माणसाचे बूट महिनाभर वाळत नाहीत, असं ती सांगायची. रोज इगतपुरीहून गाडीनं यायची, सरावाआधी तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी खायची. दहा नंबरचा पाय. गावात तिच्या मापाची चप्पल मिळत नाही. तू तिला म्हणायचीस, "तुझ्या सासरी एक बरं होईल बाई, जावा तुझ्या चपला ढापायच्या नाहीत." ती खो खो हसायची आणि वाकून तुझ्या गळ्यात पडायची. तू तिच्या कमरेला लागायचीस, बसलेली असलीस की गुडघ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सरांची शेवटची चाचणी होती. त्यातून यादीतली शेवटची नावं ठरणार. तिचे आधीचे बूट आपणच शिवले होते, तेव्हा दोन्ही सोलवर चट्टे सारखे होते. या जोडीचा डावा पार कापडापर्यंत गेलेला, उजवा जवळजवळ कोरा. पोरगी एकाच पायावर उडत होती, एकाच पायावर उतरत होती.

"सरांना सांगा," तू म्हणालीस.

"आपलं काम शिवायचं."

"आजवर नव्हतं वाटतं तेवढंच काम?"

"संतोषचं इसरलीस?"

"नाय इसरले. म्हनून तर सांगते. तवा बी म्हनले होते, इचारा. आता बी तेच म्हनते. पोरीला इचारा, आन मंग सरांना सांगा. लीगमधी रोज कुदवतील तिला. गुडघा पार गेला तर जन्मात जिना चढायची नाय."

"आन नसंल तेवढं काही तर? यंदा नाव खोडलं तर पुन्हा कोन इचारतं तिला? बाप लग्न लावून मोकळा होईल."

"लंगडी झाल्यावर लावंल का?"

"तू गप बस. मला पुन्हा कुनाचं वाटोळं नाय करायचं."

"तुमाला भ्या वाटतं," तू म्हणालीस. "सरळ म्हना की, भ्या वाटतं. मीच सांगते उद्या सरांना."

आणि मी म्हणालो, "सांग की. तुझं कोन ऐकतं?"

हे मी म्हणालो. तुझ्याशी बोललेलं हे शेवटचं धड वाक्य. चाळीस वर्षांवर संसार झाला, आणि शेवटाला हातात हे आलं.

तू उजवा बूट मांडीवर घेतलास आणि शिवायला लागलीस. मी डावा शिवला. दिवस मावळायच्या आत सामान पेटीत टाकलं, बूट पिशवीत घातले, निघालो. तू दोन पावलं मागून चालत होतीस. रागावलीस की तू मागं चालायचीस, म्हणून मी वळून बघितलं नाही. तुझी चप्पल रस्त्यावर घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, राग दाखवतीय.

घरी आलो. मी कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला. तू उंबऱ्यावर बसलीस चप्पल काढायला. मी आतून म्हणालो, "चहा टाकू का?" तुला माहितीय, माझं चुकलं म्हणायची माझी तेवढीच रीत. तू उत्तर दिलं नाहीस. मी म्हटलं, अजून राग आहे. आलं किसलं, जास्त घातलं, तुला आवडतं तसं. दोन कपांत ओतला. बाहेर आलो तेव्हा तू चौकटीला टेकली होतीस. एक चप्पल काढलेली, एक पायात.

शेजारचे धावले. डॉक्टर आला. म्हणाला, डोक्यात रक्ताची गाठ अडकली असणार. मग त्यानं विचारलं, "हल्ली या पाय ओढत चालायच्या का? हातातून वस्तू पडायची का?"

मी म्हणालो, "नाही."

सुनंदाला कळवलं. रात्री सापुताऱ्याच्या घाटातून येऊ नको, पहाटे निघ, असं सगळ्यांनी सांगितलं. ती दुपारी पोचणार, तोवर तुला ठेवायचं ठरलं. उजाडता उजाडता येवल्याहून तुझा भाऊ आला. घर बायकांनी भरलं. मला कुणी काही करू देईना. मी दाराशी येऊन उभा राहिलो.

तुझ्या चपला गर्दीत कुणाच्या तरी पायानं कडेला गेल्या होत्या. एक उलटी पडली होती. घरात तू चप्पल कधी उलटी राहू दिली नाहीस. उलटी चप्पल म्हणजे भांडण, म्हणायचीस. मी म्हणायचो, स्टॉलवर दिवसभर उलट्याच असतात, म्हणून तर आपलं जमत नाही. ती सरळ करायला वाकलो आणि उचलली. उजवी होती. दिवाळीला मीच बनवून दिलेली.

अंगठ्यापाशी पुढची कड घासून पार कागद झालेली. डावी धडधाकट. माझ्यासारख्याला एक नजर पुरे होती. तू पाय ओढत होतीस. कालपासून नाही, महिनोन् महिने. रोज माझ्या शेजारी बसून गावाचे सोल बघत होतीस, आणि मी तुझी चप्पल एकदा हातात घेतली नाही.

डॉक्टरला मी खोटं बोललो नव्हतो. मला माहीतच नव्हतं. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

तू लपवत होतीस, का मी कधी विचारतोय याची वाट बघत होतीस? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? का म्हणाली असतीस, काही नाही हो, तुमचीच शिलाई कच्ची? रोज सकाळी उठून हे तुला विचारतो. वहीत लिहितोय तरी हात थांबतो.

मग मी पिशवी घेतली. आतले बूट काढून बघितले. डावा माझा, पुरा झालेला. तुझा उजवा अर्ध्यावर थांबलेला. सुतळी लोंबत होती. तू आयुष्यात अर्धं काम पिशवीत घातलं नाहीस. जेवण राहिलं तरी टाका राहू द्यायची नाहीस. हे तू मुद्दाम ठेवलंस, पोरीनं घालू नये म्हणून? का हात चालेना झाला होता आणि मला सांगायचं नव्हतं? दोन्हीची मला भीती वाटते. आजही वाटते.

"दाजी, कुठं निघाले?" तुझा भाऊ आडवा आला. "मयत घरात हाय."

"बूट द्यायचेत."

"आज? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. आठला चाचणी हाय. काम तुझ्या बहिणीचंच हाय, माझं नाय."

मैदानात गायत्री पायऱ्यांवर अनवाणी बसली होती, केस बांधत. तिला काही माहीत नव्हतं. "बाबा, किती उशीर! आजी कुठंय?"

"घरी हाय."

"आली नाही? म्हणाली होती, मला बघायला पुढं येऊन बसणार."

मी तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, "पोरी, हे बूट घेतले तवापासनं तूच घालती?"

"मग? दहा नंबर दुसरं कोण घालणार? माझ्या पप्पांचा पाय पण आठचा." ती हसली.

"एक दिवस बी कुनाला दिले नाय?"

"नाही हो बाबा."

माझी सुटायची जागा तेवढीच होती, तीही गेली. मी म्हणालो, "उजव्या पायावर उभी ऱ्हा. आन तसंच एका पायावर खाली बस."

तिचं हसू गेलं. उभी राहिली. थोडी खाली गेली, गुडघा आत वळला, तिनं कठडा धरला. ओठ दाताखाली. मग पटकन माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "बाबा, फक्त आजचा दिवस. आतून पट्टी बांधलीय मी. यादीत नाव लागू दे, मग लगेच दाखवते डॉक्टरला, आईशप्पथ. दुखत नाही एवढं. पण आजीला सांगू नका हं. आजी सरांना सांगेल."

मी म्हणालो, "आजी नाय सांगनार."

"मग द्या ना बूट." तिनं हात पुढं केला.

आरी माझ्या खिशात होती. राहिलेले टाके म्हणजे दहा मिनिटांचं काम. पोरगी पळाली असती, नाव लागलं असतं, मला कुणी काही बोललं नसतं. समोर तिचा हात, आणि माझ्या डोळ्यांपुढं संतोषची रिक्षा. आणि तुझी ती चप्पल. माझ्या शेजारी तू नव्हतीस. मला कुणीतरी ढकलायला पाहिजे होतं गं. आजवर तूच ढकलायचीस.

मी बूट दिला नाही. उठलो.

सर भिंतीपाशी खडू घेऊन उभे होते. "बाबा, लवकर बोला, टीमांची माणसं यायला लागलीत."

"सर, गायत्रीचा उजवा गुडघा दुखावलाय. तिला आज पळवू नका. पन नुसतं नाव खोडू बी नका. आधी गुडघा दाखवा डॉक्टरला, त्यो काय म्हनतो ते ऐका, मंग ठरवा. मी तिला इचारलंय. बूट तिचेच हायेत."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मागं गायत्री येऊन उभी होती, अनवाणी. तिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. नुसतं "बाबा" म्हणाली, एवढंच. ते अजून कानात आहे.

सर म्हणाले, "नक्की ना बाबा? तुमच्या नजरेवर मी आजवर शंका घेतली नाही, पण उरलेल्यांत हिला मी पहिल्या तिघींत धरलंय."

"माझी नजर नाय, सर," मी म्हणालो. "हे माझ्या बायकोनं बघितलं. ती तोरणं बांधायची पोरगी बी तिनंच सांगितली होती. आजवरचं सगळं तिचं. संतोषचं तेवढं माझं."

सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी गायत्रीला बाकावर बसायला सांगितलं. शिट्टी खिशात घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी आज दिसत नाहीत," ते म्हणाले. "जा, बोलवून आणा त्यांना. मला सगळं त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

मी अर्धा शिवलेला बूट पिशवीत टाकला आणि तुला न्यायला घरी आलो.